शाळेची सायकल माळावर

तुमच्या घरी जिन्याखाली किंवा मागच्या बोळात एक लेडीज सायकल उभी आहे, असे मी धरूनच चालते. मुलगी कॉलेजात गेली, तिला स्कूटी मिळाली आणि सायकल मागे राहिली, असे झाले असेल. किंवा माझ्यासारखीच तुम्हीही ती रोज शाळेत, बँकेत, मंडईत नेत असाल. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, चेनवर पत्र्याचे कव्हर, आणि उंची अशी की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. बाजारहाटाला याहून सोयीचे वाहन नाही. पण हीच सायकल थोडी फेरफार करून रविवारी सकाळी पाटाच्या भरावावरून, बैलगाडीच्या रस्त्याने, माळावर नेता येते. त्यासाठी वीस-पंचवीस हजारांची गिअरची सायकल घ्यावी लागत नाही. कशी न्यायची ते सांगते, आणि गेल्यावर काय दिसते तेही सांगते.

हे सगळे मी आमच्या बारामतीपुरते लिहिते आहे. तुमचे गाव फलटण असेल, कोपरगाव असेल, सांगोला असेल. गावाच्या पाठीमागे असा एखादा रस्ता असतोच. आपण फक्त त्या बाजूला कधी वळलेल्या नसतो.

आता तुम्ही म्हणाल, डांबरी रस्ते इतके छान झाले असताना कच्च्यात कशाला शिरायचे? अहो, रस्ते छान झाले म्हणूनच. रस्ता रुंद झाला तसा वाहनांचा वेगही वाढला. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत उसाची वाहतूक चालते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस, आणि आत मोठ्याने लावलेली गाणी. अशा वेळी सायकलवालीने कडेला व्हायचे म्हणजे साइडपट्टीच्या खड्ड्यातच उतरायचे. कच्च्या रस्त्यावर धूळ आहे, दगड आहेत, काटे तर विचारूच नका. पण पाठीमागून हॉर्न नाही, आणि पडलात तरी मातीत पडाल.

पहिला रस्ता कालव्याचा. नीरा डावा कालवा आमच्या गावातूनच जातो. शहरातली माणसे त्याला कॅनॉल म्हणतात, खेड्यातली पाट. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने ही कामे काढली आणि १८८५ च्या सुमारास या कालव्यात पाणी खेळू लागले. भाटघरच्या धरणातून नीरेत सोडलेले पाणी वीरपाशी अडवून कालव्यात वळवतात. तिथून तो बारामती ओलांडून पार इंदापूर तालुक्यात, दीडशेहून अधिक किलोमीटर जातो. आमचे गाव मोरोपंतांचे म्हणून शाळेत शिकवतात आणि ते खरेच आहे. पण पंत १७९४ साली गेले तेव्हा इथे ना ऊस होता ना कालवा. कऱ्हेचे पाणी आणि आकाशाचे पाणी, एवढ्यावरच गाव होता.

कालव्याची एक गंमत लक्षात घ्या. पाणी आपोआप वाहावे म्हणून तो अगदी अल्प उताराने काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेने खात्याच्या लोकांसाठी केलेला कच्चा रस्ताही सपाट असतो. मैलोन्‌मैल चढ नाही आणि उतारही नाही. नव्याने धीर करणारीला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

आता सायकलीकडे वळू.

सगळ्यात आधी टायर. बाजाराच्या सायकलीचे टायर अरुंद, सव्वा-दीड इंचाचे असतात, आणि त्यांची नक्षीही बारीक. मऊ मातीत ते सुरीसारखे आत शिरतात. वाळूच्या पट्ट्यात तर चाक आपल्याच मनाने वळते. रुंद, खाचांचे टायर हवेत. पण दुकानात जाऊन नुसते ‘सव्वीस इंची जाड टायर द्या’ म्हणू नका. लेडीज सायकलच्या टायरवर बहुधा २६ × १ ३/८ असे लिहिलेले असते आणि डोंगरी सायकलच्या जाड टायरवर २६ × १.९५ असे. दोन्ही सव्वीसच, पण एकाचे दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. आमचे सायकलवाले मिस्त्री मला म्हणाले, “बाई, सव्वीस लिहिलंय म्हणून सव्वीसच असतं व्हय? ब्लाउजचा छत्तीस सगळ्या शिंप्यांकडं सारखा असतो का?” उपमा ऐकून मी गप्पच झाले, पण मुद्दा पटला.

टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो वाचा. पहिल्या प्रकारात तो ५९० असतो, दुसऱ्यात ५५९. टायर रिमवर जिथे बसते तिथला हा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. म्हणजे जाड टायर हवे तर रिमही बदलायला हवी. ऐकायला मोठे काम वाटते, पण सायकलीची बाकी रचना यात बिघडत नाही. रिम ३१ मिलिमीटरने लहान झाली तरी टायर तेवढे जाड असते. जुने चाक मोजले तर बाहेरून ६६० मिलिमीटरच्या आसपास भरते आणि नवेही तितकेच. पेडल जमिनीपासून पूर्वीइतकेच वर राहते, स्टँडही नीट टेकते.

रिम घेताना आरे मोजा. जुन्या धाटणीच्या सायकलींना पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० आरे असतात. अलीकडच्या बऱ्याच सायकलींना दोन्हीकडे ३६. रिमची भोके हबच्या भोकांशी जुळायला हवीत, नाहीतर दुकानाच्या दोन फेऱ्या जास्त. स्टीलऐवजी अॅल्युमिनियमची रिम मागा. ती हलकी असतेच, शिवाय ओली झाल्यावर गुळगुळीत स्टीलवर ब्रेक जसा सरकतो तसा हिच्यावर सरकत नाही.

जाड टायर किती जाड? हे तुमच्या सायकलीचा चिमटा ठरवतो. नवे चाक बसवून फिरवून पाहा. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना शाळेची शिसपेन्सिल सहज सरकली पाहिजे. माझ्या सायकलीला पुढे १.९५ बसले, मागे जागा कमी, म्हणून १.७५ वर भागवले. पुढचे चाक वाट काढते, त्यामुळे जाड टायर पुढे असलेलेच बरे.

रिम लहान झाली की ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचत नाही. सुमारे दीड सेंटिमीटर कमी पडते. त्यासाठी लांब हाताचे ब्रेक घालून घ्यावे लागतात. ज्यांच्या मागच्या चाकाला बँड ब्रेक आहे त्यांचा मागचा प्रश्न आपोआप मिटला. ब्रेकवर मात्र काटकसर करू नका. तोरणाला झेंडू स्वस्तातला चालेल, ब्रेक नाही.

मग फ्रीव्हील. मागच्या दातेरी चक्राला फ्रीव्हील म्हणतात. साध्या सायकलींना बहुधा पुढे ४४ दात आणि मागे १८ असतात. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५ मीटर जाते. डांबरीवर हे ठीक, पण मुरमाच्या चढावर गुडघे बोलू लागतात. मागे २२ दातांचे फ्रीव्हील घातले की एका फेऱ्यात ४ मीटरच्या जरा वर जाते आणि तेवढीच ती हलकी चालते. चेनमध्ये एक जोड वाढवावा लागतो. तोटा एवढाच की सपाट रस्त्यावर पाय भराभर फिरवावे लागतात आणि शाळेला पोचायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. या एका बदलाला मी सर्वांत जास्त गुण देईन. तुम्हाला रिम-टायरचा खटाटोप नको असेल तर निदान फ्रीव्हील बदला आणि आहे त्याच मापाचे, जरा खोल नक्षीचे टायर घाला. कालव्याच्या रस्त्याला एवढे पुरते.

काय काढायचे आणि काय ठेवायचे, याबद्दल दुकानदाराचे ऐकू नका, स्वतः ठरवा. पुढची टोपली काढा. दगडांवरून जाताना ती इतकी खडखडते की बोलणे ऐकू येत नाही, आणि वजन सगळे हँडलवर. मडगार्ड उन्हाळ्या-हिवाळ्यात राहू दे. पावसात मात्र काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये पिठाच्या गोळ्यासारखी बसते आणि चाक फिरायचेच थांबते. चेनचे कव्हर ठेवाच. तरुण मुले ते काढून फेकतात; त्यांना सलवार नसते. कॅरिअरही ठेवा. पाण्याची बाटली, पंप, डबा, सगळे जुन्या ट्यूबच्या पट्टीने त्यावर घट्ट बांधता येते.

सीट वर करा. हे पैशाविना होणारे काम आहे आणि बायका नेमके हेच करत नाहीत. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ झाला पाहिजे. थांबल्यावर मग पाऊलभर टेकणार नाही, चवडा टेकेल. दोन दिवस धाकधूक होते, नंतर सवय होते. खाली बसवलेल्या सीटवरून दहा किलोमीटर गेलात तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभे राहवणार नाही.

माझा सगळा खर्च मजुरीसकट चार हजारांच्या आत बसला. आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी बजावून सांगितली ती तुम्हालाही सांगते. लेडीज सायकलीला वरची आडवी दांडी नसते, त्यामुळे तिची फ्रेम धक्के खायला कमकुवत. डोंगर उतरणे, उड्या मारणे हे तिचे काम नाही. महिन्यातून एकदा फ्रेमच्या जोडांवरून ओले फडके फिरवा. रंगाला केसासारखी चीर दिसली तर सायकल आधी दुकानात न्या, मग माळावर.

हवेचे तंत्रही समजून घ्या. डांबरीवर टायर कच्च्या पेरूसारखे टणक हवे. मातीवर जरा उतरवायचे, पिकायला लागलेला पेरू अंगठ्याने दाबल्यावर दबतो तेवढे. पंपाला काटा असेल तर जाड टायरला ३५-४० पौंड. त्याहून उतरवले तर दगडावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

आणि काटे! आमच्याकडे कालव्याच्या कडेने वेडी बाभूळ माजली आहे. तिचा काटा चपलेतून पायात जातो, तिथे टायरची काय कथा. त्यावर देशी उपाय असा: जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालायची. चाक थोडे जड होते, पण पंक्चर खूप कमी होतात. एक जादा ट्यूब, पंप आणि पान्हा जवळ ठेवाच. टायर काढायला स्टीलच्या जुन्या चमच्यांचे दांडे चालतात. फक्त चमचे कायमचे सायकलीला देऊन टाका, पुन्हा मिसळणाच्या डब्यात आणू नका.

आता निघू या. आम्ही तिघी जातो. एक शेजारीण, एक शाळेतली सहकारी आणि मी. एकटीने जाऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. भीती घालायची म्हणून नाही, पण पंक्चर काढताना एकीने सायकल धरायला हवी, आणि कालव्यापाशी दुसरे माणूस हवेच.

कारण कालवा माणसे घेतो. आमच्या सासूबाईंनी सायकल पाहिली तेव्हा टायरचे कौतुक वगैरे काही केले नाही. म्हणाल्या, “पाटाच्या कडेनं जाऊ नका गं. त्याला दया नाही.” पन्नास वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आलेल्या बाईने काय काय पाहिले असेल! त्यांचे म्हणणे आम्ही नियम म्हणून घेतले. आवर्तन सुटले असेल, म्हणजे कालवा भरून वाहत असेल, तेव्हा पाण्याच्या बाजूने चालवायचे नाही, भरावाच्या शेताकडच्या अंगाने चालवायचे. हातपाय धुवायलासुद्धा पाण्यात उतरायचे नाही. काठ शेवाळलेला असतो आणि वरून संथ दिसणारे पाणी आत ओढ घेते. कुठे फाटक किंवा मनाईचा फलक असेल तर मागे फिरायचे. पाटकरी भेटला तर त्याला विचारावे. पुढे रस्ता कुठे खचला आहे, कुठे झुडपे आली आहेत, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.

सकाळी सहाला गावातून पश्चिमेला निघालो की अर्ध्या तासात घरे संपतात. मग डाव्या हाताला सगळा ऊस. हिवाळ्यात तुरे आलेले असतात आणि त्यावर धुके. माळेगावच्या कारखान्याचा वास साडेसहाला नाकाला लागतो, मळीचा, गोडसर आणि आंबूस. एकदा ओळखला की विसरत नाही. गुऱ्हाळ लागले तर थांबावे. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका तोवर दोन तास काम करून बसलेल्या असतात. पाचटाच्या झोपडीशी चूल पेटलेली असते आणि झोळीत मूल.

हे झाले डाव्या हाताचे. उजव्या हाताला, कालव्याच्या वरच्या अंगाला, पाहा. तिथे ज्वारी आहे, बाजरीची धाटे आहेत, कुसळी गवत आहे, आणि मधून मधून नुसता मुरूम. कालव्याचे पाणी उताराने खाली, नीरेकडे जाते. वर चढत नाही. म्हणून रस्त्याच्या एका बाजूला बागायत आणि दुसऱ्या बाजूला जिराईत. मध्ये वीस-पंचवीस पावले. भूगोलात मी मुलांना हे दोन शब्द कितीदा शिकवले असतील. पण हँडलच्या एका मुठीकडे ऊस आणि दुसऱ्या मुठीकडे माळ असा मोटारीतून कधी दिसला नव्हता. वरच्या अंगालाही जिथे विहीर हिरवी दिसते ती बहुधा कालव्याच्या पाझराची असते. म्हणून तर कालव्याला सिमेंटचे अस्तर करायची गोष्ट निघाली की इथले शेतकरी उसळून उठतात. पाणी वाया जाऊ नये हेही खरे, आणि त्या वाया जाणाऱ्या पाण्यावर कुणाचे तरी घर चालते हेही खरे.

कालव्यावर चार-सहा रविवार झाले की दुसरा रस्ता, उत्तरेचा. एमआयडीसी मागे टाकून काटफळच्या अंगाने शिर्सुफळला जायचे. वीसेक किलोमीटर अंतर. डांबरी टाळून गाडीवाटेने गेले तर थोडे जास्त. इथे रुंद टायरांचे आणि २२ दातांचे चीज होते. रस्ता लाटेसारखा खाली-वर जातो. मुरमावर मागचे चाक घसरू नये म्हणून सीटवर बसूनच चढावे, आणि दगडांवरून उतरताना पेडल आडवी ठेवून जरा उभे राहावे, म्हणजे धक्का गुडघे घेतात, पाठ घेत नाही. शिर्सुफळला शिरसाईचे देऊळ आहे आणि देवळाभोवती माकडे. डबा उघडायचा तर त्यांची परवानगी घेऊनच. जुना तलाव आहे. पाणी असेल त्या वर्षी हिवाळ्यात पक्षी उतरतात.

हा सगळा गवताळ माळ. लोक त्याला पडीक म्हणतात, पण तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून चिंकारांसाठीच राखलेले आहे, आणि गाडीखेल-शिर्सुफळच्या माळावर वनखात्याने सफारीही सुरू केली. म्हणून वनखात्याच्या हद्दीत सायकल घालायची नाही. गावरस्ता, गाडीवाट सोडून गवतात तर मुळीच शिरायचे नाही. टिटव्या आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. लांडगा दिवसा तुमच्या वाटेला येणार नाही. येतील ती धनगरांची कुत्री. मेंढरे दिसली की लांबूनच उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवा आणि चालत जा. मेंढकी हाक मारते आणि कुत्रे परत जाते. पळवायला गेलात तर ते तुमच्याहून जोरात पळते.

२०२३ साली पावसाने दगा दिला. सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत आमचाही तालुका होता. तुम्ही बाहेरगावी असाल तर हसाल, कारण बारामती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवे शेत येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही उत्तरेकडच्या एका वस्तीवर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. रस्त्याच्या कडेला हंडे, कळशा, निळे कॅन यांची रांग, आणि लिंबाच्या सावलीत बायका. टँकर यायचा होता.

“कुठनं आला गं पोरींनो?” एका म्हातारीने विचारले.

“बारामतीहून, आजी.”

“सायकलीवं? घरी गाडी न्हाय व्हय?”

“आहे. पण सहज आलो. फिरायला.”

‘फिरायला’ हा शब्द तोंडातून गेला आणि आम्हा तिघींनाही तो त्या ठिकाणी कसासाच वाटला. म्हातारीला मात्र तसे काही वाटलेले दिसले नाही. ती उठली, माझ्या सायकलीपाशी आली आणि मागचे टायर अंगठ्याने दाबून पाहिले. मग कॅरिअर दोन्ही हातांनी हलवून पाहिले.

“टायर दणकट हाय,” ती म्हणाली. “दोन कॅन लटकावलं तर वजन पेलंल का गं?”

मी फ्रेमचे, वरच्या दांडीचे सांगितले. पुरुषी सायकल याहून बरी, असे म्हणाले. रुंद टायरांचे, आरे मोजायचे, २२ दातांचे फ्रीव्हील, सगळे सांगितले. आणखी दोघी पुढे झाल्या. एकीच्या घरी जुनी काळी सायकल पडून होती. मुलगा पुण्याला कंपनीत लागल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तिने फ्रीव्हील कुठे मिळते आणि केवढ्याला, ते नीट विचारून घेतले. तिथून कालवा किती लांब, ते मी येताना मोजले होते. पाऊण तास, आणि तोही चढ धरून. परतीला म्हणजे सगळा उतारच.

त्या भागाला जानाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणी मिळते, पण योजना चालते तेव्हा, आणि वरून पाणी सुटते तेव्हा. टँकर आम्ही निघेपर्यंत आलेला नव्हता.

आता काही घरगुती गोष्टी. कपडे म्हणाल तर सुती सलवार-कमीज, ओढणीला सुट्टी, आणि उजव्या पायाच्या मोहरीला कपडे वाळत घालायचा चिमटा. डोक्याला रुमाल आणि वर हेल्मेट. पायात पट्ट्याची चप्पल नको, कापडी बूट हवेत. निघण्याआधी भरपूर पाणी प्या आणि वाटेत थोडे थोडे. पुष्कळ जणी लघवीची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग डोके धरते. आम्ही जाताना देवळे, शाळा आणि ओळखीच्या वस्त्या धरून वाट आखतो. वस्तीवरच्या बाईला नुसते विचारायचे, ती कधी नाही म्हणत नाही. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. केळी नकोत, हादऱ्याने त्यांचे शिकरण होते. मार्च ते मे साडेआठच्या आत परतीला लागायचे. जून ते सप्टेंबर काळ्या रानात जाऊ नका. तेव्हा माळाचा मुरूम बरा, पाणी लवकर झिरपते.

आणि रविवारच्या नाश्त्याचे काय? तुमच्या मनात हा प्रश्न पहिल्या परिच्छेदापासून आहे, मला ठाऊक आहे. आमच्याकडे शनिवारी रात्री मी पोहे निवडून, कांदा-मिरची चिरून, झाकून ठेवते. फोडणी ज्याला भूक लागेल त्याने द्यायची. पहिल्या रविवारी आम्ही दहाला परतलो तेव्हा सगळे हातावर हात ठेवून बसलेले होते. मी हातपाय धुतले, चहा केला आणि माझ्यापुरता घेतला. पुढच्या रविवारी कढईत पोहे होते. हळद जास्त, मीठ कमी, पण होते. सासूबाई अजूनही पाटाच्या नावाने कपाळाला आठी घालतात, पण शनिवारी संध्याकाळी आवर्तन सुटले की नाही याची बातमी त्याच आणतात.

परत आल्यावर लगेच सायकल धुऊ नका. चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. नळी लावून हबवर जोराचे पाणी मारले तर आतले वंगण निघून जाते आणि छर्रे गंजतात. चेन कोरड्या फडक्याने पुसून तिला मशीनच्या तेलाचा थेंब थेंब द्या आणि जादा तेल पुसून घ्या, म्हणजे धूळ चिकटणार नाही. टायर हाताने चाचपून अर्धे मोडलेले काटे काढा. ते आज आत नसले तरी सोमवारी शाळेच्या वाटेवर आत जातात. टोपली पुन्हा लावायची असेल तर दोनच नट आहेत. हवा कच्च्या पेरूइतकी भरून ठेवा, कारण सकाळी सव्वासातला पहिली घंटा होते.